सर्पदंश : वेळ, विद्या आणि शेजारधर्म

(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवी सभेपुढें दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मगुरूनें गत वर्षांचा इतिहास सांगावा, थोरांचें स्मरण करावें आणि देवाचे आभार मानावे, अशी रीत आहे. तें सर्व आपण सकाळच्या उपासनेंत यथाशक्ति केलें. संध्याकाळच्या या सभेसाठीं मात्र मीं निराळा विषय निवडला आहे, आणि तो सर्पदंशाचा आहे. आनंदाच्या दिवशीं असला विषय कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर सोपें आहे. आपला मुखेड तालुका बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेला. माळ, खडक, ओढे आणि मधून मधून ज्वारी, तूर, सोयाबीन, कापूस यांचीं शेतें, असा हा मुलूख. आपल्यांतील बहुतेकांचें पोट शेतीवर चालतें. मृग नक्षत्र लागलें, पेरण्या सुरू झाल्या, कीं सापाचें भयही घरांत शिरतें. जें संकट आपल्या अंगणापर्यंत येतें, त्याला आपल्या सभेंत जागा न देणें शहाणपणाचें होणार नाहीं.

मी वैद्य नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवतों. डॉक्टरांनीं जें पाहिलें, तपासलें आणि लिहून ठेवलें, तें वाचून तुमच्यापुढें सोप्या भाषेंत मांडणें, एवढेंच आजचें माझें काम. त्या सर्वांतून एकच गोष्ट तुमच्या पदरीं घालावयाची आहे. सर्पविषावर औषध आहे, आणि तें सव्वाशें वर्षांहून अधिक काळ माणसाला ठाऊक आहे. तरीही माणसें मरतात, कारण रोग्याची आणि औषधाची गांठ वेळेवर पडत नाहीं. ही गांठ घालणें पुष्कळ अंशीं डॉक्टरच्या हातीं नसून घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या हातीं असतें.

प्रथम संकटाचा आकार पाहूं. आपल्या देशांत घरोघर जाऊन मृत्यूंचीं कारणें विचारणारी एक मोठी पाहणी झाली. तिच्या आधारें २०११ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, २००५ या एका वर्षांत भारतांत सुमारें ४५,९०० माणसें सर्पदंशानें दगावलीं. पुढें २०२० सालीं २० वर्षांचा हिशेब बाहेर आला. २००० ते २०१९ या काळांत सुमारें १२ लाख मृत्यु, म्हणजे दर वर्षीं सरासरी ५८,०००. पहिल्या निष्कर्षांतील दोन आंकडे आपण मनांत कोरून ठेवावे. दगावलेल्या दर १०० जणांत ९७ जण खेड्यांतले होते. आणि ७७ जणांचा प्राण कोणत्याही दवाखान्याच्या बाहेर गेला होता. कोणी घरीं गेला, कोणी वाटेंत. जून ते सप्टेंबर हे चार महिने सर्वांत घातक. आणि मरणाऱ्यांत तरुण व कमावते लोक पुष्कळ. या आंकड्यांमागें किती घरें बसलीं असतील, याची कल्पना शेतकऱ्याला अधिक सांगावी लागत नाहीं.

ही दशा जगाच्याही ध्यानांत उशिराच आली. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं सर्पदंशाला उपेक्षित रोगांच्या यादींत वरची जागा दिली, आणि २०३० पर्यंत त्यापासून होणारे मृत्यु व अपंगत्व निम्म्यावर आणण्याचा संकल्प २०१९ सालीं जाहीर केला. भारत सरकारनेंही २०२४ सालीं राष्ट्रीय कृति-योजना काढली, आणि त्याच वर्षीं सर्व राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्याविषयीं लिहिलें. नोंदीचें महत्त्व मोठें आहे. कारण जो मृत्यु कागदावर येत नाहीं, त्याच्यासाठीं औषधही धाडलें जात नाहीं.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. संशोधन म्हटलें कीं मुंबई-पुण्याच्या मोठाल्या इमारती डोळ्यांपुढें येतात. परंतु साप चावतो तो बहुधा रानांत, आणि त्याच्या विषाची लक्षणें प्रथम दिसतात तीं तालुक्याच्या डॉक्टरला. मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे यांनीं येथेंच राहून सर्पदंशाच्या रोग्यांवर उपचार केले, आणि उपचार करून न थांबतां त्यांच्या नोंदी ठेवल्या. ग्रामीण महाराष्ट्रांतील १० वर्षांच्या या अनुभवावरचा त्यांचा लेख २००५ सालीं 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया' या मान्यवर नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ज्या गांवाचें नांव जिल्ह्याबाहेर फारसें कोणाला ठाऊक नाहीं, त्या गांवच्या रोग्यांची हकीकत देशभरच्या डॉक्टरांनीं वाचली. हा आपल्या तालुक्याचा मान आहे, आणि आपल्यावरची जबाबदारीही आहे.

दुसरें उदाहरणही मराठवाड्याच्या मातींतलेंच आहे. जालना जिल्ह्यांतील देहेड गांवीं जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर कोंकणांत महाड येथें राहिले. तेथें लाल विंचवाच्या दंशानें धडधाकट माणसें आणि लहान मुलें हृदय थकून मरत असत. बावस्करांनीं रोग्याच्या उशाशीं बसून लक्षणें टिपलीं. तीं १९८२ सालीं 'लॅन्सेट' या विलायती नियतकालिकांत छापून आलीं. पुढें प्राझोसिन या रक्तदाबावरच्या साध्या गोळीनें ते प्राण वाचतात, हें त्यांनीं दाखवून दिलें. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. नांदेड व लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनीं हीं उदाहरणें डोळ्यांपुढें ठेवावीं. त्यांतील कित्येकांना पहिल्याच पावसाळ्यांत आरोग्य केंद्रावर रात्रीं एकट्यानें उभें राहावें लागेल, आणि तेव्हां पुस्तकाइतकीच अशा अनुभवी हातांची शिकवण त्यांच्या कामीं येईल.

साप माणसाला मारतो तो कसा, हें आतां थोडें समजून घेऊं. कारण जें कळलें त्याचें भय निम्मं होतें. आपल्याकडील मुख्य विषारी साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें. घोणशीला कांहीं ठिकाणीं परड म्हणतात. पहिल्या दोघांचें विष प्रामुख्यानें मज्जातंतूंवर चालतें. दुसऱ्या दोघांचें मुख्यतः रक्तावर.

मेंदूची आज्ञा मज्जातंतूंतून वाहत येते. तंतूचें टोंक आणि स्नायु यांच्यामध्यें एक अतिसूक्ष्म फट असते. तंतु त्या फटींत एक रस सोडतो, स्नायूवरील जणूं कुलपें त्या रसाच्या किल्लीनें उघडतात, आणि हात हालतो, पापणी उघडते, छाती श्वास घेते. नागाचें विष त्या कुलपांत खोटी किल्ली घालून बसतें. मग खरी किल्ली येऊनही दार उघडत नाहीं. मण्यारीचें विष बहुतांशीं तंतूचें टोंकच निकामी करून टाकतें. म्हणून नागाच्या दंशांत प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मिन नांवाचें औषध देऊन त्या रसाचें बळ वाढवितां येतें. मण्यारीच्या दंशांत नवें टोंक फुटेपर्यंत धीर धरावा लागतो, आणि तोंवर श्वास यंत्रानें चालवावा लागतो.

मण्यारीविषयीं अधिक सांगणें अवश्य आहे, कारण ती फसवी आहे. ती रात्रीं हिंडते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. दंश पुष्कळदां दुखत नाहीं, सुजत नाहीं, त्याची खूणही सांपडत नाहीं. पहाटे माणूस पोटांत दुखतें, घसा दुखतो, उलटी होते, म्हणून उठतो. घरचे म्हणतात, रात्रीचें जेवण बाधलें. मग पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसूं लागतात, जीभ अडखळते, गिळतां येत नाहीं, मान धरत नाहीं. आणि शेवटीं श्वास थांबूं लागतो. पावसाळ्यांत जमिनीवर निजलेला माणूस पहाटे पोटदुखीनें उठला आणि त्याच्या पापण्या उघडेनात, तर तो सर्पदंशच समजून दवाखाना गांठावा.

आणखी एक गोष्ट नीट ऐका. अशा रोग्याला यंत्रावर ठेवलें म्हणजे तो मेल्यासारखा दिसतो. डोळे मिटलेले, हातपाय लुळे, कधीं कधीं बुबुळांवर उजेड टाकला तरी बाहुली हालत नाहीं. नातलग रडूं लागतात, कोणी म्हणतें, आतां घरीं न्या. परंतु त्याचा मेंदु जागा असूं शकतो. तुमचें बोलणें तो ऐकत असूं शकतो. असे रोगी कांहीं दिवसांनीं उठून चालत घरीं गेलेले आहेत. म्हणून त्याच्या खाटेशीं रडारड करूं नका; नांव घेऊन हांक मारा, मी येथेंच आहें असें सांगा. रुग्णाभ्यंगासाठीं मला अवश्य बोलवा. परंतु आधीं गाडी बोलवा.

येथें ईश्वरी योजनेचें एक आश्चर्य सांगण्याचा मोह आवरत नाहीं. मायास्थेनिया नांवाचा एक मज्जास्नायूंचा रोग आहे. त्यांतही पापण्या गळतात, बोलतां बोलतां जीभ थकते, जणूं साप न चावतां सर्पविष बाधलें आहे. १९३४ सालीं लंडनमध्यें मेरी वॉकर या डॉक्टरीणबाईंनीं, निओस्टिग्मिनच्याच जातीचें एक औषध दिल्यानें अशा रोग्यांना शक्ति येते, असें दाखविलें. पण रोगाचें मूळ अंधारांतच होतें. १९६३ सालीं तैवानमधील चँग आणि ली या संशोधकांनीं आपल्या मण्यारीच्याच जातभाईच्या विषांतून एक द्रव्य वेगळें केलें. तें स्नायूवरील त्या कुलपांना घट्ट चिकटतें. त्यालाच खूण म्हणून वापरून १९७३ सालीं अमेरिकेंतील डॉक्टरांनीं रोग्यांच्या स्नायूंवरील कुलपें मोजलीं, तों तीं निरोगी माणसापेक्षां फारच थोडीं भरलीं. ज्या विषानें माणूस लुळा पडतो, त्याच विषानें लुळेपणाच्या एका रोगाचें कोडें उलगडलें.

आतां घोणस आणि फुरसें. यांच्या दंशानें जागा सुजते, दुखते. रक्त गोठण्याची शक्ति नष्ट होते. हिरड्यांतून, लघवींतून, जुन्या जखमेंतून रक्त वाहतें. तें ओळखण्याची रीत इतकी साधी आहे कीं आरोग्य केंद्रावरही ती सहज करतां येते. रोग्याचें थोडें ताजें रक्त कोरड्या व स्वच्छ कांचेच्या नळींत घ्यावें, २० मिनिटें न हालवतां ठेवावें, आणि मग नळी तिरपी करावी. रक्त गोठलें नसेल तर विष अंगांत भिनलें आहे. नळी कांचेचीच हवी, आणि ती साबणानें धुतलेली नसावी, नाहींतर परीक्षा फसते. शिकाऊ डॉक्टरांना शिकविण्याच्या गोष्टी पुष्कळदां अशाच लहान असतात, आणि त्यांवरच प्राण अवलंबून असतो.

घोणशीचा दुसरा घाव मूत्रपिंडांवर पडतो. रोगी शुद्धीवर आहे, बोलतो आहे, प्रतिविष दिलें आहे. घरचे म्हणतात, आतां सोडा, पेरणी खोळंबली. पण त्याची लघवी कमी झाली आहे, किंवा तिचा रंग काळसर तांबडा आहे. ही धोक्याची सूचना होय. मूत्रपिंडें थांबलीं तर रक्तांतील घाण यंत्रानें काढावी लागते, ज्याला डायलिसिस म्हणतात. वेळेवर केल्यास पुष्कळांचीं मूत्रपिंडें पुनः काम करूं लागतात. म्हणून शुश्रूषा करणारानें रोग्याची लघवी दिवसांतून किती वेळां, किती आणि कोणत्या रंगाची झाली, तें लक्षांत ठेवून डॉक्टरला सांगावें. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. तसेंच डॉक्टरांच्या मनाविरुद्ध रोग्याला उचलून आणूं नये, आणि घरीं आल्यावरही ठरल्या दिवशीं पुनः तपासणीस न्यावें.

प्रतिविष म्हणजे काय, तेंही सांगतों. १८९० नंतरच्या दशकांत आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञानें सर्पविषावरील पहिली लस सिद्ध केली. घोड्याला विषाच्या अगदीं अल्प मात्रा वाढवीत वाढवीत टोंचल्या म्हणजे त्याच्या रक्तांत विषाला मारणारीं द्रव्यें तयार होतात. त्यांपासून ही लस करतात. मुंबईंत परळ येथें प्लेगच्या संशोधनासाठीं १८९९ सालीं जी प्रयोगशाळा स्थापन झाली, आणि जिला १९२५ पासून हाफकिन यांचें नांव आहे, त्या संस्थेचा या लशीच्या कामांत मोठा वाटा आहे. वर सांगितलेल्या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते. म्हणून साप कोणता, हें न कळलें तरी उपचार अडत नाहीं. मूल लहान म्हणून त्याला लस कमी, असेंही नाहीं. कारण साप वय पाहून विष सोडीत नाहीं. या लशीनें कोणाकोणाला अंगावर पित्त उठतें, धाप लागते; म्हणून ती डॉक्टरच्या देखरेखीखालींच द्यावी लागते. सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते.

इतकें सर्व असतांना माणसें मांत्रिकाच्या दारीं कां जातात? त्यांना मूर्ख म्हणून भागणार नाहीं. कारण त्यांनीं डोळ्यांनीं गुण आलेला पाहिलेला असतो. गोष्ट अशी आहे कीं, चावणारे साप बहुधा बिनविषारी असतात : धामण, दिवड, कवड्या, तस्कर. विषारी साप चावला तरी दर वेळीं तो विष सोडतोच असें नाहीं. असे सर्व रोगी मंत्र न घालतांही बरे व्हावयाचेच. त्यांचें श्रेय मांत्रिकाला मिळतें. आणि खरोखर विष बाधलेला मेला, तर त्याच्या दैवावर बोल जातो. कडुलिंबाचा पाला गोड लागतो कीं कडू, हें पाहत बसण्यांत जो तास जातो, तोच तास त्या रोग्याचें आयुष्य असतो.

आतां कर्तव्य सांगतों. मुलांनीं हें पाठ करावें. साप चावल्यास रोग्याला धीर द्या व निजवा. त्याला चालूं किंवा धावूं देऊं नका. चावलेला हात-पाय मोडल्याप्रमाणें फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. अंगठ्या, बांगड्या, जोडवीं, करदोरे ताबडतोब काढा, कारण सूज आल्यावर तीं मांसांत रुततात. दोरीनें आवळून बांधूं नका. त्यानें रक्त अडून हात-पाय सडतो. कापूं नका, चोखूं नका, बर्फ, चुना वा पाला लावूं नका, दारू पाजूं नका. रोगी ओकत असेल तर कुशीवर वळवा. साप मारण्यांत वेळ दवडूं नका. त्यांत दुसऱ्याला दंश व्हावयाचा. चावल्याची वेळ ध्यानांत ठेवा आणि निघा. १०८ क्रमांकाची गाडी बोलवा. तिला उशीर असेल तर मिळेल त्या वाहनानें न्या.

मोटारसायकलही चालते. आग्नेय नेपाळांतील कांहीं गांवांनीं असा प्रयोग केला. गांवांतील स्वयंसेवकांनीं रोग्याला चालक व मदतनीस यांच्यामध्यें बसवून थेट उपचार केंद्रावर न्यावयाचें ठरविलें, आणि गांवोगांव शिकवण दिली. २०१३ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. पूर्वीं साप चावलेल्या १०० जणांत साडेदहा दगावत, ते प्रमाण अर्ध्यावर, म्हणजे २०० जणांत एकावर आलें. तेथें कोणतें नवें औषध निघालें नव्हतें. शेजारी तेवढा वेळेवर उठला होता.

दंश टाळण्याचे उपायही घरगुतीच आहेत. खाटेवर निजा; खाट नसेल तर जमिनीवरही मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखालीं नीट खोंचा. रात्रीं बॅटरीवांचून पाऊल टाकूं नका. धान्य झांकून ठेवा. उंदीर आले कीं त्यांच्या मागें साप येतो. शेतांत पायांत बूट असावा. कडब्याच्या गंजींत वा सरपणांत हात घालण्यापूर्वीं काठीनें चाळवावें.

सरपणावरून प्रेषितांच्या कृत्यांतील माल्टा बेटाची हकीकत आठवते. संत पौल काटक्या शेकोटींत टाकीत असतां विषारी साप त्याच्या हाताला डसला. तेथील लोकांनीं लगेच ठरविलें कीं हा कोणी खुनी असावा, म्हणून देवानें त्याला धरलें. थोड्या वेळानें त्याला कांहीं झालें नाहीं असें पाहून तेच लोक त्याला देव म्हणूं लागले. दोन्ही निवाडे खोटे होते. साप चावणें ही पापाची शिक्षा नव्हे, आणि वांचणें हा पुण्याईचा दाखला नव्हे. ज्या घरीं असा मृत्यु झाला, त्या घरच्या विधवेकडे वा आईकडे बोट दाखविणाऱ्यानें हा अध्याय पुनः वाचावा. आणि बेनसीराच्या ग्रंथानें वैद्याला मान द्यावयास सांगितलें आहे, हेंही विसरूं नये. प्रार्थना अवश्य करावी. पण ती गाडींत बसून, दवाखान्याच्या वाटेवर करावी.

शेवटीं, महोत्सवाची खूण म्हणून मी तुमच्यापाशीं तीन गोष्टी मागतों. पहिली : प्रत्येक वस्तींतील दोन तरुणांनीं आपल्या वाहनासह नांवें द्यावीं, रात्रीं कोणत्याही वेळीं, कोणत्याही जातीधर्माच्या घरून हांक आली तरी त्यांनीं निघावें. त्या नांवांचा कागद देवळाच्या दारावर आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावूं. दुसरी : दर वर्षीं मृगापूर्वींच्या रविवारीं उपासनेनंतर अर्धा तास हीच शिकवण पुनः व्हावी, आणि ती देण्यास एखाद्या डॉक्टरला आपण बोलवावें. तिसरी : महोत्सवाच्या निधींतून जें उरेल, त्यांतून जमिनीवर निजणाऱ्या घरांना मच्छरदाण्या द्याव्या. प्रथम शेतमजुरांच्या घरीं, मग इतरांच्या.

पुढील २५ वर्षांनीं येथें दुसरा कोणी धर्मगुरु उभा राहील. या धर्मग्रामांत सापानें कोणी दगावलें नाहीं, असें त्याला सांगतां यावें, अशी माझी इच्छा आहे. परमेश्वर तुमच्या घरांचें, शेतांचें आणि लेंकरांचें रक्षण करो.